भातुकलीतला खरा दिवा

आमच्या गावात युए-श्याला न ओळखणारा माणूस शोधून सापडायचा नाही. तिने काही पराक्रम केला म्हणून नव्हे. मागल्या वर्षी, नव्या वर्षाच्या तोंडावर, तिने एका सकाळी अख्ख्या गावाचं ग्रहमान बिघडवलं म्हणून.

झालं होतं ते असं. समुद्रदेवी मात्सूच्या देवळात आपल्या नावाचा वर्षभराचा दिवा लावायचा, ही सगळ्यांची रीत. पूर्वी त्यासाठी कचेरीच्या खिडकीशी थंडीत कुडकुडत उभं राहावं लागे. आता देवळाची वेबसाइट आहे. नाव, जन्मतारीख, वेळ, पत्ता घाला की दिवा लागतो, शिवाय वेबसाइट हेही सांगते, की यंदाच्या वर्षदेवतेशी तुमचं वाकडं आहे की नाही. वाकडं असेल तर शांतीचा आणखी एक दिवा. सगळं बेस चालायचं, फक्त अधिक महिन्यात जन्मलेली माणसं त्या वेबसाइटला कधी पचली नाहीत. त्यांची तारीख ती भलत्याच महिन्यात ढकलायची. दरवर्षी अशी दहा-बारा माणसं कचेरीत येऊन तोंड टाकून जायची.

मग युए-श्याने ते दुरुस्त करायला घेतलं, आणि तेही चालत्या वेबसाइटवर. एका ओळीत ‘नाही’च्या जागी ‘आहे’ झालं आणि ऐंशी वर्षांच्या म्हातारीपासून कालच्या तान्ह्यापर्यंत सगळ्यांचंच वर्षदेवतेशी वाकडं निघालं, आणि तसे संदेश सगळ्यांच्या फोनवर गेले. सकाळी सातला देवळासमोर म्हाताऱ्यांची रांग लागली, प्रत्येकीच्या हातात देवीला वाहायच्या संत्र्यांची पिशवी. अध्यक्ष लो यांच्या बायकोने तर त्यांच्या स्कूटरची किल्ली काढून घेतली. देवळाचे अध्यक्ष, हार्डवेअरच्या दुकानाचे मालक, त्या दिवशी सभेला पायी आले आणि आल्या आल्या म्हणाले, “युए-श्या, यापुढे खऱ्या वेबसाइटला हात लावलास तर मी मात्सूला साक्षी ठेवून तुझा हात दुकानातल्या शिकंज्यात अडकवीन. काय प्रयोग करायचे ते घरी कर.”

त्यामुळे यंदा ती घरी बसली.

तिच्याविषयी थोडं सांगायला हवं. उत्तरेला मोठ्या शहरात ती एका कंपनीत वेबसाइटीच बांधायची. आई गेली, म्हातारे वडील एकटे पडले, तशी ती नोकरी सोडून गावी आली आणि देवळाच्या कचेरीत लागली. लग्न केलं नाही. गावाच्या मते, अजून केलेलं नाही. शेहेचाळिसावं लागलं तरी कचेरीतल्या पाओ-चू मावशी तिच्यासाठी स्थळं आणतात. मागलं स्थळ दातांच्या डॉक्टरचं होतं. युए-श्या म्हणाली, “मावशी, त्याचे स्वतःचे दात किती उरलेत ते आधी विचारा.” मावशी आठवडाभर बोलल्या नाहीत.

वडील थिआम-तिंग. आयुष्य खाडीत बांबूच्या मांडवांवर कालवं वाढवण्यात गेलं, हातांवर शिंपल्यांनी कापल्याच्या रेघा अजून आहेत. आता ते रोज पहाटे देवळात जाऊन दिव्यांची भिंत पुसतात. जमिनीपासून छतापर्यंत तळहाताएवढे कोनाडे, प्रत्येकात एक विजेचा दिवा, दिव्याखाली बोटभर लांबीची काचपट्टी आणि तिच्यावर उजळलेलं नाव. म्हातारा एकेक पट्टी मऊ कुंच्याने झाडतो आणि झाडताना नावं पुटपुटतो. कोण आजारी, कोणाची सून रुसून माहेरी गेली, कोणाचा मुलगा परीक्षेला बसलाय, सगळं त्यांना त्या भिंतीवरून ठाऊक. एक नाव मात्र त्या भिंतीवर कधी नव्हतं. त्यांच्या मुलाचं, पिंग-हुइचं.

ती गोष्ट गावाने चघळून चोथा केलेली आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. पिंग-हुइने पूर्वेकडची मुलगी केली, तिच्या घरचे चर्चमध्ये जाणारे, आणि हाही त्यांच्यात गेला. आईच्या अंत्यविधीला आला तेव्हा त्याने सगळ्यांसमोर उदबत्ती धरायला नकार दिला. वाकला, रडला, पण उदबत्ती घेतली नाही. थिआम-तिंग तेव्हा एवढंच म्हणाले, “ज्या हाताने आईसाठी उदबत्ती धरवत नाही, त्या हाताने माझ्या घराची कडी वाजवायची नाही.” त्याने ती वाजवली नाही. याला दहा-अकरा वर्षं झाली. बापाने घरातल्या सगळ्यांचे दिवे लावले, स्वतःच्या बहिणीच्या नातवंडांचेसुद्धा. मुलाचा लावला नाही. युए-श्या भावाशी फोनवर बोलायची, पण अंगणात, कपडे वाळत घालण्याच्या निमित्ताने. म्हाताऱ्याला ते कळत होतं की नव्हतं, देव जाणे. कपडे मात्र त्या घरात फार वेळा वाळत पडायचे.

तर, घरचा प्रयोग. लहान मुली भातुकली मांडतात तसं हे काम असतं. देवळाची हुबेहूब वेबसाइट आपल्या लॅपटॉपमध्ये मांडायची. तीच पानं, तीच बटणं, पण चूल खोटी, भात खोटा, पाहुणे खोटे. काहीही सांडलं तरी खरं कोणी उपाशी राहत नाही. ऐकायला सोपं वाटतं. पण ज्या यानने ही वेबसाइट बांधली, तो आता डोंगराकडे ड्रॅगनफ्रूटची बाग करतो, आणि त्याने बांधलं त्या काळातली सॉफ्टवेअरची सामग्री आता कोणी वापरत नाही. नवी घातली तर वेबसाइट उठेचना. जुनी शोधून घातली तर तिला आणखी जुनं काही हवं. ते आणलं, तर डेटाबेस रुसला. युए-श्याने शेवटी यानला फोन केला.

“माझ्या कॉम्प्युटरवर तर चालत होतं,” यान म्हणाला.

“मग तो कॉम्प्युटर पाठवून दे.”

“तो आता बागेतल्या पंपाचं वेळापत्रक सांभाळतो.”

“मग पंपावरच चढवते देऊळ. तिथे निदान पाणी तरी येईल.”

पण यान मनाने चांगला. कुठली जुनी सामग्री कुठल्या क्रमाने घालायची ते त्याने हळूहळू आठवून सांगितलं, मध्येच “थांब, हे नाही, त्याच्या आधीचं” असंही. आणि म्हणाला की सर्व्हरवर सेटिंगची एक फाइल आहे, ती जशीच्या तशी उचल. कुठली वस्तू कुठे आहे ते सगळं तिच्यात लिहिलेलं आहे. युए-श्याने ती उचलली. पहिलं काम म्हणजे डेटाबेसची ओळ बदलून आपल्या लॅपटॉपमधल्या रिकाम्या डेटाबेसकडे वळवली. पैसे घेण्याची ओळ पुसली. लोकांच्या फोनवर संदेश जातात ती ओळही पुसली, नाहीतर पुन्हा संत्र्यांच्या पिशव्या. इतकी काळजी घेतली की तिने स्वतःवर खूश होऊन चहाबरोबर शेंगदाण्याच्या दोन वड्या खाल्ल्या.

आणि मग दुपारी, ध्यानीमनी नसताना, लॅपटॉपवर देऊळ उघडलं. तीच लाल कमान, तीच मात्सूची तसबीर.

आता खोटे पाहुणे हवेत. तिने पहिलं नाव घातलं वांग श्याओ-मिंग. आमच्याकडे बँकेत जा, शाळेत जा, दवाखान्यात जा, प्रत्येक नमुन्याच्या अर्जावर हाच गृहस्थ असतो. कोणी त्याला पाहिलेलं नाही, पण त्याच्याइतके अर्ज कोणी भरलेले नाहीत. त्याचं सगळं नीट झालं. पण खरी परीक्षा अधिक महिन्याची. त्यासाठी अधिक महिन्यात जन्मलेलं खरंखुरं माणूस हवं, म्हणजे वेबसाइटचं उत्तर बरोबर की चूक ते पडताळता येईल. युए-श्याला असं एकच माणूस तोंडपाठ होतं. बारा प्राण्यांच्या सालांतलं बोकडाचं साल, अधिक सहावा महिना. तो जन्मला त्या रात्री तिला शेजारी झोपायला पाठवलं होतं आणि सकाळी आई म्हणाली होती, हा अधिकातला, याचा वाढदिवस वर्षानुवर्षं यायचाच नाही. तिने आडनावासकट नाव घातलं, कान पिंग-हुइ. पत्त्याच्या जागी घरचाच पत्ता, हाताला सवयीचा तो. बटण दाबलं. वेबसाइट म्हणाली, अधिक सहावा महिना. मग म्हणाली, दिवा लागला आहे.

बरोबर उत्तर. तिने लॅपटॉप मिटला आणि हलक्या मनाने भात लावला.

दुसऱ्या दिवशी म्हातारा देवळातून उशिरा आला. येताना बाजारातून माशाचा पोटाकडचा चरबीदार तुकडा घेऊन आला. हा माणूस एरवी शेपटीचा तुकडा घेतो आणि त्यातही घासाघीस करतो. युए-श्याने पाहिलं तर त्यांनी दाढी केलेली, गालाला एक ओरखडा.

“आ-पा, कोणी येणार आहे का?” आमच्याकडे बापाला आ-पा म्हणतात.

“कोणी कशाला यायला हवं? आपण माणसं नाही?”

“आपण शेपटीवाली माणसं आहोत. आजवर तरी होतो.”

म्हातारा हसला. तेही नवीनच. मग आल्याचे तुकडे करता करता, तिच्याकडे न बघता म्हणाला, “आ-श्या, वरची खोली झाडली होतीस का मध्ये?”

वरची खोली पिंग-हुइची. तिथे आता जुनी जाळी आणि तांदळाचा डबा. युए-श्याला वाटलं, म्हातारपण. “झाडते,” ती म्हणाली.

“झाड. घाई नाही. नव्या वर्षापर्यंत झाडली तरी चालेल.”

दुपारी पाओ-चू मावशींचा फोन आला. मावशी आधी पाच मिनिटं हसल्या.

“अगं, भिंतीवर वांग श्याओ-मिंगचा दिवा लागलाय. मी म्हटलं, एवढी वर्षं बिचारा अर्ज भरतोय, अखेर देवी पावली. अध्यक्षांनी तीनदा चष्मा पुसला. ते म्हणतात हा तुझाच उद्योग आहे.”

युए-श्याने फोन कान आणि खांद्यात धरला. तिने लॅपटॉप उघडला, सेटिंगची फाइल उघडली, आणि दिसलं. दिव्यांच्या भिंतीमागे एक पेटी आहे. कोणता दिवा लावायचा, काचेवर काय लिहायचं, याचा हुकूम ती पेटी वेबसाइटकडून घेते आणि लागलेल्या दिव्याची पत्त्यासकट नोंद खऱ्या वेबसाइटवर करते. त्या पेटीची ओळ तशीच राहिली होती. भातुकली सगळी खोटी, पण एका चुलीची नळी खऱ्या सिलिंडरला जोडलेली.

“मावशी,” ती म्हणाली, “आणखी एखादा नवा दिवा दिसतोय का?”

मावशींचं हसू थांबलं. “दिसतोय. मी त्याबद्दल बोलणार नव्हते. आज सकाळी तुझे वडील त्याच्यासमोर कुंचा घेऊन कितीतरी वेळ उभे होते. मी त्यांना म्हटलं, पुसून झालं की, थिआम-तिंग. तर म्हणाले, त्याने लावलाय. लांबून, फोनवरून लावलाय. आता लावता येतो ना फोनवरून? मी म्हटलं, येतो. मी काय सांगणार दुसरं?”

माशाचा तुकडा, दाढी, वरची खोली, सगळं युए-श्यासमोर एकदम येऊन उभं राहिलं. म्हाताऱ्याला वाटत होतं, पोरगा वळला. ज्याने आईसाठी उदबत्ती धरली नाही त्याने मात्सूसमोर दिवा लावला, म्हणजे काही बोलायचं बाकी राहिलं नाही.

“अध्यक्ष काय म्हणतात?”

“म्हणतात, दोन्ही खोटे दिवे आहेत, पण देवीसमोर लागलेला दिवा आपण हाताने कसा विझवणार? उद्या सकाळी दहाला देवीला विचारायचं. कौल टाकणार, सगळ्यांसमोर.”

सगळ्यांसमोर म्हणजे थिआम-तिंगसमोर. ते दहाला तिथेच असतात, गवती चहाचा थर्मास घेऊन.

युए-श्याने त्या पेटीची ओळ पुसली. पुसायला एक क्षण लागला. मग ती उगाचच अंगणात गेली आणि वाळलेले कपडे पुन्हा ओले करून वाळत घातले, पण भावाला फोन केला नाही. काय सांगणार होती? दिवा तुझ्या नावाचा आहे, तू लावलेला नाहीस, आणि आ-पा तुझी खोली झाडायला सांगतायत.

गप्प बसायचाही एक मार्ग होता, तो तिने मनात फिरवून पाहिला. अध्यक्षांना गाठायचं, हातापाया पडायचं, दुसरा दिवा राहू द्या म्हणायचं. मग नवं वर्ष येईल, म्हातारा नवे मोजे घालून दाराशी बसेल आणि रस्त्याने कोणी येणार नाही. तो मार्ग तिने तिथेच सोडला.

सकाळी पेज खाताना ती म्हणाली, “आ-पा, तो दिवा आ-हुइने नाही लावला.”

म्हाताऱ्याच्या हातातल्या जेवायच्या काड्या लोणच्याच्या बशीवर थांबल्या.

“मी घरी वेबसाइटची नक्कल मांडली होती. तपासायला नाव घातलं. नक्कल खऱ्यापासून नीट तोडली नव्हती मी. त्यामुळे तिकडे खरा दिवा लागला.”

“म्हणजे त्याला ठाऊकच नाही.”

“नाही.”

“तू लावलास.”

“मीही लावला नाही. चुकून लागला.”

म्हाताऱ्याने लोणच्याचा तुकडा उचलला, परत ठेवला. बाहेर कोणाचा तरी ट्रॅक्टर कालवांच्या शिंपल्यांचा ढीग उपसत होता.

“जन्मतारीख कोणी घातली?”

“मी.”

“अधिक सहावा?”

“अधिक सहावा.”

“दिवस? वेळ?”

“पहाटेची. सगळं घातलं.”

“मग चुकून कसा?” ते म्हणाले. आवाज चढवला नाही. “कालवांची दोरी सुटून मांडव वाहून गेला तर ती चूक. तू त्याचं नाव घेतलंस, तारीख घेतलीस, वेळ घेतलीस. याला दिवा लावणं म्हणतात. चूक माझी आहे. मला वाटलं, त्याने लावला.”

 म्हाताऱ्याने पेज संपवली. वाटी विसळली. मग थर्मास घेतला आणि म्हणाला, “चल. दहा वाजतील.”

देवळात नेहमीपेक्षा जास्त माणसं होती. कोणी मुद्दाम आलं नव्हतं, सगळ्यांचं नेमकं त्याच वेळी त्याच बाजूला काम निघालं होतं. अध्यक्ष लो आधी वांग श्याओ-मिंगचा प्रश्न घेऊन मात्सूपुढे उभे राहिले. चंद्रकोरीसारखे लाकडाचे दोन तुकडे कपाळाला लावले आणि जमिनीवर टाकले. दोन्हींच्या सपाट बाजू वर. आमच्याकडे याचा अर्थ देवी हसली, उत्तर नाही. पुन्हा टाकले. पुन्हा हसली.

“देवीलासुद्धा तो माणूस आवडलेला दिसतो,” पाओ-चू मावशी म्हणाल्या.

तिसऱ्यांदा हसल्यावर अध्यक्षांनी तो दिवा राहू द्यायचं ठरवलं. तो अजून जळतो आहे.

“आता दुसरा,” अध्यक्ष म्हणाले आणि तुकडे उचलायला वाकले.

“त्याला कौल नको,” थिआम-तिंग म्हणाले. “तो खोटा नाही. माझ्या मुलाचा आहे. मी लावलाय.”

अध्यक्ष वाकलेलेच राहिले. दोघं शाळेतले मित्र, आणि अध्यक्षांचा स्वभाव असा, की मित्र रडायला आला तर त्यालाही खिळ्यांचा भाव सांगतील. ते सावकाश सरळ झाले.

“ठीक आहे, तू लावलास. मग नीट तरी लावायचा. पत्ता काय घातलाय? तुझ्याच घराचा. पोरगा तिथे राहतो का? देवी शोधत तिथे गेली तर कोण सापडणार? तू, तोंड उघडं टाकून घोरत. मुलाचं रक्षण करायचं सोडून तुझ्यावर पांघरूण घालत बसेल.”

कोणीतरी हसलं. थिआम-तिंग हसले नाहीत. अध्यक्ष चेष्टा करत होते, पण नियम खराच होता. माणूस जिथे राहतो तिथला पत्ता हवा.

थिआम-तिंग मुलीकडे वळले. “कुठे राहतो तो आता?”

“पूर्वेला. पूर्ण पत्ता तोंडपाठ नाही मला.”

“नंबर आहे ना? की कपडे वाळत घालतेस तेव्हा कपडेच लावतात फोन?”

म्हणजे ठाऊक होतं तर. युए-श्याने त्यांना कचेरीत नेलं, फोन काढला, नंबर लावला आणि त्यांच्या हातात दिला. मग ती खऱ्या वेबसाइटसमोर बसली, पिंग-हुइच्या दिव्याचं पान उघडलं. मावशी पावत्या लावू लागल्या, ज्या कालच लावून झाल्या होत्या. अध्यक्ष दाराशी बिजागरी तपासायला लागले.

पलीकडे “ताई?” असा आवाज आला, खोलीभर ऐकू येईल एवढा.

“ताई नाही,” म्हातारा म्हणाला. “मी आहे.”

 फोन कटला की काय म्हणून त्यांनी तो कानापासून दूर धरून पाहिला.

“ऐकतोयस का?”

“ऐकतोय, आ-पा.”

“तुझा पत्ता सांग.”

“काय झालं? तब्येत...”

“तब्येत तुझ्यापेक्षा बरी आहे. देवळात तुझ्या नावाचा दिवा लावलाय, पत्ता चुकीचा पडलाय. तो नीट करायचाय.”

 मग पिंग-हुइ हळू म्हणाला, “आ-पा, तुम्हाला ठाऊक आहे, मी दिवे मानत नाही.”

“तू मान म्हणून कोण सांगतंय? मी तुझ्या घरात लावत नाही, माझ्या देवळात लावतोय. तुझ्या देवाला सांग, म्हाताऱ्याचा दिवा आहे, आड येऊ नको म्हणावं. पत्ता सांग.”

बिजागरी तपासणारे अध्यक्ष तपासायचे थांबले. आणि मग पलीकडून पत्ता यायला लागला. जिल्हा, रस्ता, गल्लीचा नंबर. म्हातारा प्रत्येक शब्द मोठ्याने परत म्हणायचा, आणि युए-श्या लिहायची. 

“मजला?”

“चौथा.”

“लिफ्ट आहे?”

“नाही.”

“मग गुडघे सांभाळ. आपल्याकडे गुडघे लवकर जातात. तुझ्या आजोबांचे गेले, माझा डावा गेला.” मग म्हातारा थांबला. थर्मासचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं. “घरात आणखी कोण कोण आहे?”

युए-श्याची बोटं अक्षरांवर थांबली. तिच्याकडे त्या मुलांचे फोटो होते, दातपडक्या मुलीचा आणि धाकट्या मुलाचा, आणि वडिलांसमोर तिने एकदाही त्यांचं नाव काढलं नव्हतं.

 पलीकडून पिंग-हुइने बायकोचं नाव सांगितलं. मग मुलीचं. मग म्हणाला, “आणि एक मुलगा आहे, आ-पा.”

“दोन?” म्हातारा म्हणाला. खुर्ची मागे सरकवून तो बसला. “थांब, एवढ्या घाईने सांगू नको. मुलीपासून पुन्हा सुरू कर. नाव, तारीख, वेळ. सावकाश सांग. तुझ्या बहिणीच्या हातून लिहिण्यात चुका होतात.”